फॉरमॅट मारायचा की विंडोज दुरुस्त करायचं?

दहा-बारा वर्षांचा घरचा डेस्कटॉप अडला की दुकानातून उत्तर ठरलेलं येतं, "फॉरमॅट मारावा लागेल," म्हणजे डिस्क पुसून विंडोज कोरं बसवायचं. आमच्या मामांच्या संगणकावर एकदा असा फॉरमॅट मारून झाला होता. फोटो वाचले. पण मामांनी कीर्तनाची टिपणं एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. फाइली शाबूत, फॉन्ट मात्र गेला. उघडून बघावं तर अभंगांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा काला. त्यामुळे यंदा पुन्हा स्टार्ट मेनू उघडेना आणि अपडेट अर्ध्यावर अडकलं, तेव्हा आधी सगळे मार्ग शेजारी ठेवून पाहिले. मशीन म्हणजे विंडोज १०, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क.

कुठलाही मार्ग घ्या, त्याआधी डिस्क तपासा. जुन्या मशीनवर सिस्टम फाइल, म्हणजे विंडोज ज्यांवर चालतं त्या फाइली, खराब होण्याचं मूळ बरेचदा डिस्कमध्ये असतं, नाहीतर यूपीएसची बॅटरी मेलेली असते आणि अपडेट चालू असताना लाइट जाते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम डिस्कची तब्येत दाखवतो. निळं 'गुड' दिसलं तर पुढे जा. पिवळं 'कॉशन' दिसलं, 'करंट पेंडिंग सेक्टर'चा (डिस्कला धड वाचता न येणाऱ्या भागांचा) आकडा वाढत असला किंवा डिस्क टकटक करत असली, तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. महत्त्वाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर काढा आणि आधी डिस्क बदला. मरायला टेकलेल्या डिस्कवर तासन्‌तास स्कॅन चालवणं म्हणजे तिचा उरलेला जीव काढणं.

डिस्क धड असेल तर एसएफसी (SFC) आणि डिझम (DISM) या विंडोजमधल्याच दोन दुरुस्तीच्या आज्ञांपासून सुरुवात करा. दोन्ही कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून चालवायच्या. एसएफसी प्रत्येक संरक्षित फाइल तपासते आणि बिघडलेलीच्या जागी विंडोजने स्वतःजवळ राखलेली प्रत बसवते. तो साठाच बिघडला असेल तर 'खराब फाइली सापडल्या, पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत' अशा अर्थाचा संदेश येतो. बरेच जण इथेच हात टेकतात. खरं तर इथून डिझमचं काम सुरू होतं. 'रिस्टोअर हेल्थ' हा पर्याय देऊन ती चालवली की ती साठाच दुरुस्त करते. त्यासाठी चांगल्या फाइली मायक्रोसॉफ्टकडून इंटरनेटवरून आणते, किंवा तुम्ही दाखवलेल्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हमधून (विंडोज बसवायच्या फाइली असलेल्या) घेते. त्यानंतर एसएफसी पुन्हा एकदा चालवायची. मधेच टक्केवारी एका आकड्यावर बराच वेळ थांबते. खिडकी बंद करू नका, वाट पाहा. यात डेटाला धक्का लागत नाही, म्हणून पहिला प्रयत्न हाच. विंडोज ७ वर मात्र डिझमचा हा पर्याय चालत नाही.

एवढ्याने भागलं नाही तर लोक थेट विंडोज नव्याने बसवणाऱ्या 'रिसेट धिस पीसी' या सेटिंगकडे वळतात. त्यातलं 'कीप माय फाइल्स' हे नाव फसवं आहे. तुमच्या फाइली राहतात, पण बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम सगळे जातात. टॅलीसारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर, प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी टायपिंगचं जुनं साधन, सगळं नव्याने टाकायचं. सीडी हरवली असेल तर ते गेलंच म्हणून समजा.

माझं मत इन-प्लेस रिपेअरच्या बाजूने आहे. चालू विंडोजमध्येच इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरची सेटअप फाइल उघडायची आणि फाइली व अ‍ॅप्स दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडायचा. विंडोज तिथल्या तिथे नव्याने बसतं आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात. अटी तीनच: विंडोज सुरू होत असलं पाहिजे, आवृत्ती व भाषा तीच हवी, आणि सी ड्राइव्हवर २०-२५ जीबी मोकळी जागा हवी. मामांच्या मशीनला पावणेतीन तास लागले. तरीही मला हाच मार्ग सर्वात किफायतशीर वाटतो, कारण नंतरचे चार दिवस सॉफ्टवेअर शोधण्यात जात नाहीत.

कोरं इन्स्टॉलेशन, म्हणजे दुकानदाराचा फॉरमॅट, कधी? विंडोज सुरूच होत नसेल, व्हायरस शिरला असेल किंवा डिस्क बदलली असेल तेव्हा. डिस्क बदलायचीच असेल तर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या, जुन्या मशीनला एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. मात्र विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ इतक्या जुन्या प्रोसेसरना अधिकृतपणे स्वीकारत नाही. फक्त इंटरनेट, व्हिडिओ आणि पत्रलेखन एवढाच वापर असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टमचा विचार जरूर करा.

कोरं इन्स्टॉलेशन करायचं ठरलंच तर विंडोज फोल्डरमधला 'फॉन्ट्स' हा फोल्डर आधी पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. मामांच्या टिपणांचा फॉन्ट शेवटी त्यांच्या एका मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर सापडला.