आरसिंक: नकल चोख, नोंदवहीत मात्र मराठीची दैना

पैसे मोजून घेतलेल्या बॅकअप प्रोग्रॅमची वार्षिक वर्गणी संपणे आणि त्याच आठवड्यात आमच्या छापखान्यातील मुख्य संगणकाची हार्ड डिस्क बंद पडणे, हा योगायोग असेल. परंतु त्यानंतर त्या कंपनीच्या मदत केंद्राने दिलेले उत्तर योगायोगाचे नव्हते. आमच्याच फाइलींची नकल आमच्याच दुसऱ्या डिस्कवर सुखरूप होती, मात्र ती त्यांच्या खास बांधणीच्या एका गाठोड्यात होती, आणि ते गाठोडे सोडायचे असेल तर आधी वर्गणी भरा, यापलीकडे ते बोलायला तयार नव्हते. लग्नसराईचे दिवस असल्यामुळे पैसे भरले, फाइली बाहेर काढल्या, आणि पुढच्या वर्षी या लोकांना एक पैसाही द्यायचा नाही असे ठरवून आरसिंक या फाइलींची नकल घेणाऱ्या फुकट प्रोग्रॅमकडे वळलो. त्यानंतरच्या काही महिन्यांचा हा अनुभव आहे.

आमचा छापखाना कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत आहे. लग्नपत्रिका, मार्केट यार्डातील गूळ अडत्यांची बिलबुके, कुस्ती मैदानांची पोस्टरे असे आमचे काम, आणि त्यातील निम्मे काम म्हणजे जुन्याच फाइलीत तारीख व नावे बदलणे. त्यामुळे जुनी फाइल हीच आमची खरी मालमत्ता. अडगळीत पडलेल्या एका जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स टाकले, विंडोजच्या मुख्य संगणकावरील कामाचे फोल्डर त्याला जोडले, आणि रोज रात्री आरसिंकने नकल घेण्याची व्यवस्था लावली. या प्रोग्रॅमला खिडकी नाही, बटण नाही. एक ओळ टंकायची आणि एंटर दाबायचे, एवढाच त्याचा संसार. पण नकल म्हणून जे तयार होते ते साधे फोल्डर आणि साध्या फाइली असतात. उद्या आरसिंक या संगणकावरून काढून टाकला तरी ती डिस्क कुठेही लावावी आणि फाइल उघडावी. पैसे भरून जे मिळाले नव्हते ते हेच.

वीज जाण्याचा प्रश्न आमच्याकडे नवा नाही. आरसिंक नवी फाइल थेट जुन्या फाइलीवर लिहीत नाही. तो शेजारी तात्पुरत्या नावाची एक लपलेली फाइल तयार करतो आणि ती पूर्ण झाल्यावरच तिला खरे नाव देतो. त्यामुळे मध्येच वीज गेली तर आदल्या दिवशीची नकल जागेवर शाबूत राहते. याच स्वभावामुळे त्याचा ‘लिंक-डेस्ट’ नावाचा पर्याय उपयोगी पडतो: रोजचे तारखेचे वेगळे फोल्डर तयार होते, पण न बदललेल्या फाइली आदल्या दिवसाच्या फोल्डरशीच जोडल्या जातात आणि डिस्कवर पुन्हा जागा घेत नाहीत. मार्केट यार्डातील एक अडते बिलबुकाचे प्रूफ दोनदा बदलून घेऊन शेवटी ‘पहिलंच बरं होतं’ म्हणाले, तेव्हा त्या तारखेचे फोल्डर उघडून पहिले प्रूफ त्यांच्यापुढे ठेवता आले. मात्र यासाठी नकलेची डिस्क लिनक्सच्या पद्धतीने, म्हणजे एक्स्ट-४ प्रकारात फॉरमॅट केलेली हवी. बाजारातून आणलेल्या एक्स-फॅट डिस्कवर ही जोडणी होत नाही.

ज्या गुणासाठी हा प्रोग्रॅम जगभर नावाजला गेला, त्याचा मात्र मला फारसा लाभ झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आरसिंक प्रसिद्ध केला तो फाइलीतील फक्त बदललेला भाग तारेवरून पाठवण्याच्या युक्तीसाठी. फाइलीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावरून गणिताने काढलेली बेरीज-खूण दोन्हीकडे ताडून पाहायची, आणि जुळत नाही तेवढेच पाठवायचे, अशी ती युक्ती. परंतु दोन्ही बाजू एकाच संगणकावरच्या फोल्डरांसारख्या दिसत असतील, तर आरसिंक ही युक्ती आपण होऊन बंद ठेवतो आणि बदललेली फाइल पूर्णच उचलतो. नेटवर्कवरून जोडलेले आमचे फोल्डरही त्याच्या लेखी स्थानिकच ठरते. रविवारी सागरमाळावरच्या घरी असलेल्या संगणकाकडे नकल पाठवताना युक्ती चालू होते, तरी कोरल-ड्रॉच्या फाइलींवर तिची मात्रा चालत नाही, कारण या फाइली आतून झिप पद्धतीने आवळलेल्या असतात आणि एक आकडा बदलला तरी पुढचे बरेच काही बदलते. न आवळलेल्या मोठ्या टिफ चित्रांच्या बाबतीत मात्र फरक स्पष्ट दिसतो. घरी नकल का, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको: २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेला माणूस, राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी गाठेपर्यंत डिस्क हलवायची वाट पाहत नाही.

फोल्डरच्या नावापुढील तिरक्या रेघेबद्दल पुष्कळ लोक तक्रार करतात. रेघ दिली तर फोल्डरातील मजकूर जातो, नाही दिली तर फोल्डरासकट जातो, एवढेच आहे. आधी ‘एन’ पर्याय लावून कोरडी तालीम पाहिली की काय होणार ते कळते, म्हणून या विषयावर मी अधिक शाई खर्च करणार नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती मला अनेक आठवडे छळत होती. आमच्या फाइलींची नावे मराठीत असतात. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टंकण्याच्या पडद्यावर, स्वतः कमांड चालवली तर ती नावे व्यवस्थित दिसत. पण रात्री आपोआप चाललेल्या कामाची नोंद सकाळी उघडावी, तर ‘पत्रिका’ या नावाच्या जागी \#३४०\#२४४\#२५२ अशी सुरुवात होऊन पुढे आकड्यांची रांगच्या रांग. मराठीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूणसुद्धा, संगणकाच्या साठवणीत तीन बाइट घेते. ‘पत्रिका’ या नावात अशी ७ चिन्हे, म्हणून २१ बाइट. आणि आरसिंक प्रत्येक बाइटसाठी तिरकी रेघ, चौकडी व तीन अंक छापतो. म्हणजे ‘पत्रिका’ एवढे लिहायला १०५ खुणा लागतात. वधूवरांची आडनावे, तारीख आणि गाव असे पूर्ण नाव असेल तर एकच फाइल कागदभर पसरते.

नोंद छापून काढून सकाळच्या चहाबरोबर वाचण्याची मला सवय आहे, आणि ती मी सोडणार नव्हतो. डिझाइन करणाऱ्या आमच्या मुलाने तो कागद उलटसुलट करून विचारले, “काका, ह्यात पत्रिका कुठली आन् बिलबुक कुठलं, कळायचं कसं वो?” त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते. इंग्रजी नावे त्याच नोंदीत शहाण्यासारखी छापली जात, याचा राग अधिक. फुकटच्या गायीचे दात मोजू नयेत हे मान्य, परंतु मराठीत नाव ठेवलेली फाइल म्हणजे काही बिघाड नव्हे.

इथपर्यंतचा मजकूर लिहून ठेवल्यानंतर प्रोग्रॅमबरोबर येणारे माहितीपत्रक पुन्हा ओळीओळीने वाचले, आणि त्यामुळे वरील तक्रारीची धार बरीच कमी करावी लागत आहे. आपोआप चालणाऱ्या कामाला आमच्या संगणकावर भाषेची मांडणी मिळतच नव्हती. त्यामुळे जी अक्षरे छापण्याजोगी आहेत की नाहीत हे ठरवता येत नाही, ती आरसिंक सावधगिरीने अंकांत लिहीत होता. कमांडमध्ये एक हायफन आणि ‘८’ हा आकडा घातला की तो मराठी बाइट जसेच्या तसे नोंदीत उतरवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘पत्रिका’ ही ‘पत्रिका’ म्हणूनच छापून आली. नकलेतील नावे तर आधीपासून बरोबरच होती. दैना फक्त नोंदीत होती. तरीही, एवढी गरजेची गोष्ट एका आकड्यामागे दडवून ठेवण्याऐवजी सुरुवातीच्या पानावर सांगितली असती तर काय बिघडले असते, हा प्रश्न मी मागे घेत नाही.

फाइली पुसण्याच्या ‘डिलीट’ पर्यायाबद्दल एक धोका नमूद करतो. मूळ बाजूच्या फाइली वाचताना अडचण आली तर आरसिंक नकलेतील फाइली पुसणे स्वतःहून थांबवतो, ही चांगली गोष्ट. पण विंडोजचा संगणक बंद असल्यामुळे जोडणीचे फोल्डर नुसतेच रिकामे राहिले, तर त्याच्या दृष्टीने ती अडचण नसते, तुम्ही सर्व फाइली काढून टाकल्या असाच त्याचा समज होतो. म्हणून घरच्या नकलेसाठी ‘मॅक्स-डिलीट’ने किती फाइली पुसू द्यायच्या याची मर्यादा घातली आहे.

नावांच्या लांबीचा तिढा मात्र शिल्लक आहे, आणि त्याला कोणताही पर्याय नाही, कारण तो आरसिंकचा नसून डिस्कच्या रचनेचा आहे. एक्स्ट-४ मध्ये फाइलीचे नाव २५५ बाइटांपेक्षा लांब असू शकत नाही, म्हणजे मराठीची जेमतेम ८५ चिन्हे. विंडोज मात्र बाइट न मोजता चिन्हे मोजतो आणि २५५ पर्यंत चालवून घेतो. दोन्ही घराण्यांची नावे, मुहूर्त आणि ‘अंतिम प्रूफ दुरुस्तीनंतर’ असे सगळे फाइलीच्या नावातच कोंबले, की ती फाइल तेवढी मागे राहते आणि काम २३ या क्रमांकाने, म्हणजे अर्धवट झाल्याच्या शेऱ्याने, संपते. त्यामुळे सकाळी नोंदीत आधी हा क्रमांक पाहतो, आणि नव्या फाइलींना पावती क्रमांक, आडनाव व महिना एवढेच नाव ठेवण्याचा नियम दुकानात केला आहे. वॉरंटीत बदलून मिळालेली डिस्क सागरमाळावरच्या संगणकात बसवली असून, वर्गणीचे पुढील स्मरणपत्र आले तेव्हा ते उत्तर न देता काढून टाकले.