कणकेचा गोळा की गाद्यांचा डोंगर?

फोंड्यात राहणाऱ्या मावसबहिणीला दोन वर्षांच्या चळवळ्या मुलाला कणकेचा गोळा खेळायला द्यावा की चढायला-उड्या मारायला गाद्यांचा डोंगर रचून द्यावा हे ठरत नव्हते, म्हणून ही तुलना. खर्च दोन्हींचा नगण्य आहे. श्रमांचे तसे नाही: कणीक पाच मिनिटांत मळून होते, पण ती फरशीच्या सांध्यांत आणि मुलाच्या नखांत शिरून बसते, गाद्या ओढताना कंबर भरून येते, आवरणे मात्र सोपे. टिकण्यात कणीक मागे पडते, कारण मीठ घातलेला गोळा आपल्याकडच्या दमट हवेत ओलावा ओढून चिकट होतो आणि बिनमिठाचा लवकर आंबतो. (सगळे तोंडात घालणाऱ्या मुलाला बिनमिठाचाच द्यावा, एवढे मीठ पोटात जाणे घातक.) जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार या वयात दिवसभरात किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल व्हायला हवी, बाल्कांवाबाहेर (घरापुढच्या छपराखालच्या ओट्याबाहेर) पागोळ्या लागलेल्या असताना ती कणकेने भरून निघत नाही. फरशीला ओल सुटली की गादी सरकते, तेव्हा आधी फरशी पुसावी. चळवळ्या मुलाला सकाळी गाद्याच द्याव्यात; झोपेआधी शांत करायचे असल्यास किंवा खालच्या मजल्यावर घरमालक राहत असल्यास कणीक बरी.