पांढरा अवक्षेप आला, आता पुढची चाचणी कोणती?

अज्ञात क्षाराच्या द्रावणात विरल सल्फ्युरिक आम्लाचे चार थेंब टाकले, परीक्षानळीत पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळता खाली बसणारा घन पदार्थ, आला की बरेच जण वहीत 'बेरियम' लिहून मोकळे होतात. तो बेरियम असेलही. पण स्ट्रॉन्शिअम असू शकतो, शिसं असू शकतं आणि द्रावण दाट असेल तर कॅल्शिअमसुद्धा. चौघांचेही सल्फेट पांढरेच. या आम्लाने संशयितांची यादी लहान होते, नाव मात्र ठरत नाही. ते ठरवायला दुसरं रसायन लागतं, आणि कोणतं घ्यायचं हे द्रावणात आधीच काय काय पडलंय यावर अवलंबून असतं.

विरल सल्फ्युरिक आम्ल की जिप्समचं पाणी?

सगळा खेळ विद्राव्यतेचा आहे. साध्या तापमानाला एक लिटर पाण्यात बेरियम सल्फेट जेमतेम 2.5 मिलिग्रॅम विरघळतं, लेड सल्फेट सुमारे 40 मिलिग्रॅम, स्ट्रॉन्शिअम सल्फेट सुमारे 130 मिलिग्रॅम आणि कॅल्शिअम सल्फेट तब्बल 2 ग्रॅमच्या आसपास. विरल सल्फ्युरिक आम्लात सल्फेट आयन इतके मुबलक असतात की पहिले तीन धातू एकाच झटक्यात खाली येतात आणि त्यांच्यातला फरक बुजून जातो. कॅल्शिअमचं उलटं होतं. द्रावण पातळ असेल तर काहीच दिसत नाही, म्हणून 'अवक्षेप नाही, म्हणजे कॅल्शिअम नाही' असा निष्कर्ष कधीही काढू नये.

जिप्समचं पाणी म्हणजे कॅल्शिअम सल्फेटचं संपृक्त द्रावण. पाण्यात जादा जिप्सम टाकून चांगलं हलवायचं, साका बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी गाळून घ्यायचं. यात सल्फेट आयन थोडेच, त्यामुळे प्रत्येक धातू आपापल्या गतीने उघडा पडतो. बेरियम असेल तर थेंब पडताक्षणी पांढरा धूर पसरल्यासारखा दिसतो. स्ट्रॉन्शिअम वेळ घेतो: आधी द्रावण नितळच राहतं, मग काही मिनिटांनी किंवा नळी गरम केल्यावर हळूहळू धूसर होत जातं. काळ्या कागदासमोर नळी धरून पाहा, ती धूसरता चटकन लक्षात येते. कॅल्शिअमचा अवक्षेप कितीही वाट पाहिली तरी येत नाही, कारण द्रावण मुळातच त्याच्या सल्फेटने भरलेलं असतं. इतक्या साध्या रसायनातून तीन धातू वेगळे होतात, तरी ते वापरणारे फार थोडे. बेरियम की स्ट्रॉन्शिअम एवढाच प्रश्न असेल तर माझी पहिली पसंती यालाच.

शिसं मात्र इथेही पांढरा अवक्षेप देतं. त्याचा बंदोबस्त आधी करावा लागतो.

शिशाचा संशय असेल तर

द्रावणाच्या वेगळ्या भागात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. शिसं असेल आणि द्रावण फार पातळ नसेल, तर पांढरं लेड क्लोराईड खाली बसतं. गरम पाण्यात ते विरघळतं आणि गार झाल्यावर सुईसारख्या स्फटिकांच्या रूपात परत येतं. आधीचा सल्फेटचा अवक्षेपच हाताशी असेल तर त्यावर अमोनिअम ॲसिटेटचं दाट द्रावण घालून गरम करा. लेड सल्फेट विरघळतं, बेरियम सल्फेट ढिम्म हलत नाही. या दोन्हींत मला ॲसिटेटची चाचणी जास्त भरवशाची वाटते, कारण पातळ द्रावणात लेड क्लोराईड विरघळलेलंच राहतं आणि आपण फसतो.

पोटॅशिअम क्रोमेट

क्रोमेटचा फायदा डोळ्यांना लगेच कळतो. ॲसिटिक आम्ल घातलेल्या द्रावणात बेरियम पिवळा अवक्षेप देतो. स्ट्रॉन्शिअम आणि कॅल्शिअम द्रावणातच राहतात. शिसंही पिवळाच अवक्षेप देतं, पण लेड क्रोमेट सोडियम हायड्रॉक्साईडमध्ये विरघळतं, बेरियम क्रोमेट विरघळत नाही.

अडचण आम्लाची आहे. द्रावणात तीव्र आम्ल असेल तर क्रोमेटचं नारिंगी डायक्रोमेट होतं आणि बेरियम असूनही पिवळा अवक्षेप येत नाही. म्हणून ज्या नळीत सल्फ्युरिक आम्ल टाकून झालंय, तिच्यातच क्रोमेट ओतण्यात अर्थ नाही. बेरियम आधीच सल्फेट होऊन बसलेला असतो, वर आम्लही नडतं. मूळ द्रावणाचा नवा भाग घ्या. शिवाय क्रोमेट कर्करोगकारक आहे, हातमोज्यांशिवाय हाताळू नये. जिप्समच्या पाण्याने काम भागत असेल तर क्रोमेटची बाटली उघडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्योत परीक्षण जोडीला ठेवावं: बेरियमची ज्योत पोपटी, स्ट्रॉन्शिअमची गडद किरमिजी, कॅल्शिअमची विटकरी. कोरडं सल्फेट थेट ज्योतीत धरलं तर रंग नीट उमटत नाही, नमुना ज्या तारेवर धरायचा ती तार आधी संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवावी लागते.

सल्फेटच शोधायचा असेल तर: क्लोराईड की नायट्रेट?

इथे बाजू उलटते. हातात बेरियम असतो आणि शोध सल्फेटचा. पर्याय दोन: हायड्रोक्लोरिक आम्लासोबत बेरियम क्लोराईड, नाहीतर नायट्रिक आम्लासोबत बेरियम नायट्रेट. आम्लाचं काम म्हणजे कार्बोनेट आणि सल्फाईट यांना बाजूला काढणं. ते राहिले तर बेरियमबरोबर तेही पांढरा अवक्षेप देतात. सल्फ्युरिक आम्लाने आम्लता आणणं इथे बाद, कारण मग सल्फेट आपणच टाकलेला असतो.

सर्वसाधारण नमुन्यासाठी क्लोराईडची जोडी निवडा. नायट्रिक आम्लाचा दोष असा की ते सल्फाईटचं ऑक्सिडीकरण करून त्याचा सल्फेट बनवू शकतं, आणि नसलेला सल्फेट दिसू लागतो. पण नमुन्यात चांदी किंवा शिसं असेल तर निवड फिरवावी लागते: क्लोराईड टाकताच त्यांचे पांढरे क्लोराईड खाली येतात आणि सल्फेट आहे की नाही ते कळत नाही. तेव्हा नायट्रेटचीच जोडी हवी.

दोन्हींत आम्ल आधी, बेरियम नंतर. आम्ल टाकून बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. बेरियम न टाकताच द्रावण पिवळट गढूळ होऊ लागलं तर ते थायोसल्फेटमधून सुटलेलं गंधक असतं. आम्ल विरलच वापरा, कारण संहत हायड्रोक्लोरिक आम्लात खुद्द बेरियम क्लोराईडच स्फटिक होऊन खाली येतं. शंका आली तर भरपूर पाणी घाला. क्लोराईड विरघळेल, सल्फेट तसाच राहील.

तिसरा पर्याय लेड ॲसिटेटचा. तेही सल्फेटबरोबर पांढरा अवक्षेप देतं, पण क्लोराईड जास्त असेल तर त्याच्याशीही. फक्त पडताळणीपुरतं ठेवा.

बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी आहेत. बेरियम सल्फेट मात्र इतकं अविद्राव्य, की पचनमार्गाच्या क्ष-किरण तपासणीत रुग्णाला ते प्यायला देतात. याच गुणाचा प्रयोगशाळेतही उपयोग होतो. चाचण्या संपल्यावर उरलेल्या बेरियमच्या द्रावणात सोडियम सल्फेट जादा प्रमाणात घाला, साका बसू द्या आणि तो गाळून घन कचऱ्यात वेगळा ठेवा. शिशाचा आणि क्रोमेटचा कचरा त्यात मिसळू नका, त्यांची भांडी स्वतंत्र हवीत.