दुसऱ्याच्या साइटवर लिहावं की स्वतःच्या डोमेनवर?

लेख घेऊन मानधन देणाऱ्या कंटेंट साइटसाठी लिहावं, की स्वतःचं डोमेन घेऊन तिथेच लिहीत राहावं? अलीकडे तिघा-चौघांनी मला हे विचारलं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. मी दोन्ही केलंय. तीन वर्षं एका साइटसाठी घरगुती उपकरणांवर नियमित लिहिलं आणि त्यानंतर आजपर्यंत स्वतःच्या जागेवर लिहितोय. खातं कसं उघडायचं, वर्डप्रेस कसं बसवायचं हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

साइटची जमेची बाजू आधी सांगतो, कारण माझ्यावर तिचं ऋण आहे. पहिला लेख संपादकांकडून परत आला तेव्हा वरचे दोन परिच्छेद पिवळे केलेले होते आणि शेजारी एकच वाक्य होतं: 'लेख इथून खाली सुरू होतो.' मी तिसऱ्या परिच्छेदापासून वाचून पाहिलं आणि पटलं. वरच्या दोन परिच्छेदांत मी नुसता घसा खाकरत होतो. आजही लेख संपला की आधी वरचा भाग हाताने झाकून वाचतो. ही शिस्त स्वतःच्या डोमेनवर कोण लावणार? तिथे 'प्रकाशित करा' हे बटण दाबताना कुणी अडवत नाही. शिवाय साइटवर लेख द्यायची तारीख ठरलेली असते आणि वाचक पहिल्या दिवसापासून आयता मिळतो. नव्याने लिहिणाऱ्यासाठी हे फार मोलाचं आहे.

पैशांच्या बाबतीत मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. लेखामागे ठोक मानधन मिळत असेल तर प्रश्नच नाही, हिशेब सरळ असतो. वाचनानुसार वाटा मिळणार असेल, तर मोजपट्टी साइटच्या हातात असते हे लक्षात ठेवा. मीडियम या लेखनाच्या साइटने २०१७ मध्ये लेखकांना पैसे द्यायला सुरुवात केली तेव्हा हिशेब सभासदांच्या टाळ्यांवर, म्हणजे लेख आवडल्याचं बटण दाबण्यावर होता. २०१९ मध्ये तो त्यांनी किती वेळ वाचलं यावर आला. बदल चांगला की वाईट, यात मी शिरत नाही. पण लेखक तोच, लेख तेच आणि कमाईचं गणित दुसरंच, असं होऊ शकतं. सबस्टॅकसारख्या ठिकाणी वर्गणी थेट वाचकाकडून येते आणि त्यातले १० टक्के सबस्टॅक घेतं, पैसे वळते करण्याचं शुल्क वेगळं. हिशेब स्वच्छ आहे, पण वर्गणीदार जमवण्याचं काम तुमचंच. स्वतःच्या डोमेनवर पहिल्या वर्षी माझ्या हातात जवळजवळ काहीच आलं नाही. घरखर्च लेखनावर चालत असेल तर हे नीट विचारात घ्या.

आता ज्या एका गोष्टीमुळे मी बाहेर पडलो, ती सांगतो.

लेड-ॲसिड बॅटरीची देखभाल यावर मी एक लेख दिला होता. त्यात डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगच्या आधी काठोकाठ भरा असं माझ्या हातून लिहून गेलं. खरं तर पाणी बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर भरायचं असतं. प्लेट उघड्या पडल्या असतील तरच आधी, तेही त्या जेमतेम बुडतील एवढंच. कारण चार्ज होताना आतलं द्रावण फुगतं आणि काठोकाठ भरलेलं असेल तर ॲसिड बाहेर येतं. संपादकांच्या नजरेतूनही ते निसटलं. एका वाचकाने रात्री मेल करून कळवलं. मी लगेच लेख उघडला, तर प्रकाशित झाल्यावर संपादन बंद. दुरुस्तीसाठी अर्ज भरायचा होता, तो भरला. पोच आली, पुढे काही नाही. मी पुन्हा लिहिलं, 'यात ॲसिड सांडण्याचा धोका आहे' असं स्पष्ट लिहिलं. सतराव्या दिवशी ते वाक्य बदललं गेलं. ते सतरा दिवस लेख वाचला जात होता, खाली माझं नाव होतं आणि एक शब्द बदलायची मुभा मला नव्हती.

त्या साइटचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. माणसं कमी, लेख ढीगभर, आणि लेखकाने मागाहून काहीही घुसडू नये म्हणून कुलूप लावलेलं. त्यांच्या जागी तेही बरोबरच असेल. पण माहितीपर लेखन करणाऱ्याला हे जड जातं. कथा, ललित लिहिणाऱ्याला कदाचित याचा त्रास होणारही नाही.

लेख टिकण्याचाही मुद्दा आहेच. याहूने २०१० मध्ये असोसिएटेड कंटेंट ही अशीच लेख घेणारी साइट विकत घेतली आणि पुढे याहू व्हॉइसेस या नावाने चालवून २०१४ मध्ये बंद केली. त्याच वर्षी स्क्विडूही बंद झाली आणि तिथला मजकूर हबपेजेसकडे गेला. तेव्हा मूळ प्रत कायम आपल्याकडे ठेवा. दोन्हीकडे लेख ठेवायचा असेल तर कॅनॉनिकल लिंक (मूळ लेख कुठला हे गूगलसारख्या शोधयंत्रांना सांगणारी खूण) आपल्या पानाची लावता येईल का, हे विचारून घ्या. माझ्या करारात लेख दुसरीकडे छापायला मनाई होती, त्यामुळे बॅटरीवरचा लेख मला माझ्या जागेवर पहिल्यापासून नव्याने लिहावा लागला. आता त्यात काही बदललं की वर तारीख टाकून काय बदललं ते लिहितो. गेल्या खेपेला या कामाला चार मिनिटं लागली.

लिहायला नुकती सुरुवात करत असाल तर वर्षभर एखाद्या चांगल्या संपादकाच्या हाताखाली जरूर लिहा, एवढं मी मनापासून सांगेन. त्यानंतर मात्र, निदान माहितीपर लेखनासाठी, माझा कल डोमेनकडेच आहे. आणि साइटकडे जाणार असाल तर मानधनाचं बोलण्याआधी एक विचारून घ्या: प्रकाशित लेखात चूक सापडली तर ती कोण दुरुस्त करतं आणि किती दिवसांत? एक-दोन दिवस असं उत्तर आलं, तर खुशाल लिहा.