जपानी घरातला ओफुरो: वर्षभर वापरल्यानंतर

तोक्योतल्या निशी-कासाईत मराठी घरं बरीच आहेत. तोक्योत घर शोधत होतो तेव्हा कोथिंबीर कुठे स्वस्त, कुठल्या इमारतीची लिफ्ट दर मजल्याला थांबत नाही, इथवर सगळी माहिती बसल्या जागी मिळाली. न्हाणीचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "टब आहे गं, पण आम्ही त्यात चादरी भिजवतो." मलाही वाटलं होतं की आपलं तेच होणार. आता वर्ष उलटून गेलंय, सगळे ऋतू बघून झालेत आणि घरातली जपानी वस्तू कुठली सर्वांत जास्त वापरली, तर हाच ओफुरो, म्हणजे बसून गरम पाण्यात डुंबायचा जपानी टब.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. आमचा 'युनिट बाथ' आहे, म्हणजे फरशी, भिंती, छत, टब, सगळं कारखान्यात तयार होतं आणि घरात आणून जोडतात. ही पद्धत रुळली १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकच्या सुमारास. न्यू ओतानी हॉटेलच्या हजारावर खोल्यांची न्हाणीघरं गवंड्यांच्या हातून वेळेत होणं शक्य नव्हतं, म्हणून आज तोतो नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने ती आयती बनवून बसवली. घरातल्या युनिट बाथला मापानेच ओळखतात. आमचं १३१७, म्हणजे आतून १३० बाय १७० सेंटिमीटर. त्यात निम्म्या जागेत टब, निम्म्यात मोकळी फरशी. संडास वेगळा, बेसिन बाहेर कपडे बदलायच्या जागेत.

टब लांबीला आखूड आणि खोलीला साधारण ५५ सेंटिमीटर. हॉटेलातल्या लांबट, उथळ टबात गुडघे बुडवले की खांदे उघडे पडतात आणि खांदे बुडवले की गुडघे. इथे पाय दुमडून बसायचं, पाणी थेट खांद्यांपर्यंत येतं. मला टब नेमका होतो. नवरा सहा फुटांच्या जवळपास, त्याचे गुडघे बारा महिने पाण्याबाहेर. उंच माणसांनी घर बघायला गेल्यावर लाजू नये, कपड्यांनिशी रिकाम्या टबात बसून बघावं.

पण नुसता टब म्हणजे प्लास्टिकचं भांडं. पैसे वसूल होतात ते भिंतीवरच्या पॅनेलमुळे. एक पॅनेल स्वयंपाकघरात, एक न्हाणीत. बूच लावायचं, स्वयंपाकघरातून 'फुरो जिदो'चं बटण दाबायचं आणि भाजी चिरायला घ्यायची. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत, ठरलेल्या तापमानाला भरतं, वर एक छोटी धून वाजते आणि बाईंचा आवाज येतो, "ओफुरो गा वाकिमाशिता," म्हणजे टबाचं पाणी तापलं. आमच्या मुलीचं जपानी या बाईंपासून सुरू झालं. बूच लावायला विसरलात तर बाई काही बोलत नाहीत. गरम पाणी निमूट गटारात जातं आणि बऱ्याच वेळाने पॅनेलवर एररचा आकडा दिसतो.

दुसरं बटण 'ओइदाकी'चं, माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत शहाणं. टबाच्या भिंतीत तळाकडे वाटीएवढी गोल जाळी असते. तिच्यातून टबातलंच पाणी बाहेरच्या हीटरकडे ओढलं जातं, तापतं आणि परत टबात येतं. नवीन पाण्याचा थेंब लागत नाही. संध्याकाळी मुलगी, मग मी, रात्री अकराला ऑफिसातून आलेला नवरा, सगळ्यांना तेच पाणी तितकंच गरम. जुन्या काळी इथे लोखंडी कढईखाली जाळ घालून त्यातच उतरायचे, तिला गोएमोनबुरो म्हणतात. १५९४ मध्ये क्योतोत ज्याला कढईत उकळून मारलं त्या इशिकावा गोएमोन नावाच्या चोरावरून. तळ पोळू नये म्हणून तरंगती लाकडी फळी पायाने दाबत खाली न्यायची. माझ्या माहेरच्या तांब्याच्या बंबात माणूस उतरवला तर जे होईल, तसाच प्रकार. ओइदाकी म्हणजे तोच जाळ, फक्त भिंतीपलीकडे ठेवलेला.

घर घेणार असाल तर एजंटला आधी विचारा, "ओइदाकी आहे का?" काही घरांत नुसती गरम पाण्याची तोटी असते. तिथे प्रत्येकाने नवीन पाणी भरा, नाहीतर कोमट पाण्यात बसा. जुन्या इमारतींत अजून 'बॅलन्स-गामा' मिळतो: टबाशेजारी न्हाणीतच बसवलेली गॅसची पेटी, खटखट मूठ फिरवून पेटवायची आणि पाणी किती तापलं ते आपणच जाऊन बघायचं. भाडं कमी असतं, पण मी घेणार नाही.

आता मूळ हरकतीकडे. एकाच पाण्यात सगळ्यांनी बसायचं? आपल्याकडे वाहतं पाणी ते स्वच्छ, हे डोक्यात पक्कं असतं. पण टबात अंग धुवायचं नसतंच. मोकळ्या फरशीवर छोट्या स्टुलावर बसून साबण, केस, पाठ, सगळं आधी उरकायचं, फेसाचा मागमूस राहू द्यायचा नाही, केस वर बांधायचे आणि मगच टबात उतरायचं. साबण टबात नाही, पंचा टबात नाही. निघताना बूच काढायचं नाही, झाकण लावायचं. पाहुणा असेल तर पहिली पाळी त्याची.

कराडहून सासूबाई आल्या तेव्हा त्यांना कौतुकाने पहिला मान दिला. "आई, पाणी अगदी ताजं आहे, कोणी उतरलेलं नाही."

"आणि माझ्यानंतर तुम्ही त्यातच? म्हणजे माझं उष्टं पाणी तुम्हाला? नको गं बाई."

टबात त्या शेवटपर्यंत उतरल्या नाहीत. स्टुलावर बसून तांब्याने यथासांग आंघोळ करायच्या आणि मग टबाच्या काठावर टेकून पाय आत सोडायच्या, तेही सर्वांत शेवटी, म्हणजे पाणी कोणाला उष्टं व्हायला नको. गुडघ्यांना बरं वाटतं म्हणाल्या. फरशी मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून पसंत पडली: पाणी कसंही सांडा, भिंतीवर उडवा, दाराबाहेर थेंब जात नाही. परदेशी बाथरूमची आपल्या माणसांना जी धास्ती असते, ती इथे नाही. मला तर वाटतं, टबाइतकंच श्रेय या फरशीला द्यायला हवं. ती नसती तर पाणी वाटून घेण्याचा विचारही कोणी केला नसता.

खर्चाचं सगळेच विचारतात. आमच्या टबात साधारण १८० लिटर पाणी लागतं. नळाचं पाणी १५ अंशांवरून ४१ वर न्यायचं तर ४,६८० किलोकॅलरी. इथल्या शहरी गॅसच्या एका घनमीटरमध्ये १०,७५० किलोकॅलरी असतात, हीटर त्यातल्या ८० टक्के कामी आणतो असं धरलं तर अर्ध्या घनमीटरपेक्षा थोडा जास्त गॅस. जानेवारीत नळाला ८ अंशांचं पाणी आलं की तोच आकडा ०.७ च्या घरात. आमच्या दराने गॅस शंभर येनच्या अलीकडे-पलीकडे, पाण्याचे वेगळे. एकट्या माणसाला रोज हे महाग आहे, शॉवर बरा. तिघं-चौघं एकाच पाण्यात बसत असतील तर परवडतं. गावाकडे प्रोपेन सिलिंडर असलेल्या घरात हिशेब बराच वर जातो. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी कपड्यांना जातं: मशीनला पंप आणि नळी येते, ती टबात सोडायची. खळबळून काढायला मात्र नळाचंच पाणी लावते.

तक्रारी आहेत. पहिली बुरशी. रबरी पट्ट्यांवर काळी, साबणाच्या बाटलीखाली गुलाबी. जून-जुलैच्या पावसात एक रात्र पंखा बंद राहिला की पुरे. शेवटच्या माणसाने भिंतींवर गार पाणी मारायचं, वायपर फिरवायचा, पंखा रात्रभर चालू. टबाची पुढची फळी, 'एप्रन' म्हणतात तिला, आमच्या टबाची निघते. ती काढली तर आत जे दिसलं ते जेवणाआधी वाचण्यासारखं नाही. घर ताब्यात मिळण्याआधी "व्यावसायिक सफाई" झाल्याची पावती आमच्याकडे होती. दुसरी कटकट ओइदाकीच्या नळीची: जाळी आठवड्याला ब्रशने घासायची आणि अधूनमधून पावडर टाकून पाणी फिरवून नळी धुवायची. नाही धुतली तर एक दिवस टबात कसलेतरी पापुद्रे तरंगतात.

याच नळीमुळे दिवाळीत पेच पडला. अभ्यंगाचं तेल लावून टबात उतरणं शक्य नाही. तेल, उटणं सगळं फरशीवर, शिकेकाईने स्वच्छ धुऊन मग टब. गंधकाची पूडही चालत नाही, धातू खराब होतो. साधी आंघोळीची पूड चालते, दुकानात भिंतभर मिळते. बासक्लिन १९३० पासूनचं, फसफसणारी गोळी हवी तर काओ कंपनीची बाबु. डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशी टबात युझू लिंबं सोडतात, ५ मेला शोबूची लांब पानं. युझू अख्खी सोडा. कापली तर बिया जाळीत अडकतात आणि अंगालाही झोंबतं.

धोक्याचं मात्र कोणी नीट सांगत नाही. जपानात दर वर्षी चार हजारांहून जास्त वृद्ध माणसं घरच्या टबात बुडून मरतात, रस्त्यावरच्या अपघातांपेक्षा कितीतरी जास्त. हिवाळ्यात बाहेरची जागा गारठलेली, पाणी कढत, रक्तदाब वर-खाली होतो आणि शुद्ध जाते. इथल्या ग्राहक व्यवहार संस्थेचा सल्ला: पाणी ४१ अंशांपर्यंत, वेळ दहा मिनिटांपर्यंत, कपडे बदलायची जागा आधी गरम करा, उठताना घाई नको, दारू पिऊन उतरू नका. सासूबाईंना ब्लडप्रेशर आहे, त्यामुळे त्यांनी टबात उतरावं असा आग्रह मी पुढे धरला नाही. घरात तान्हं किंवा रांगतं मूल असेल तर उरलेलं पाणी ठेवूच नका, दाराला वरच्या बाजूला कडी लावा.

फायदा? झोप. झोपण्याच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बसलं तरी झोप लवकर लागते, असं २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात निघालं होतं. माझा अनुभव तसाच आहे. रोज टबात बसणाऱ्यांना हृदयविकार कमी, असाही सुमारे ३० हजार जपानी माणसांचा अभ्यास आहे, पण ज्याला रोज अर्धा तास न्हाणीत घालवता येतो त्याचं आयुष्य मुळातच बरं चाललेलं असणार, म्हणून त्यावर मी फार भर देत नाही.

"पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसवू का?" असं बहिणीने विचारलंय. हिनोकीचा लाकडी टब डोक्यातून काढ, तो दमट हवेत सांभाळणं म्हणजे दुसरा संसार. साधा घ्यायचा तरी २५ लिटरच्या गीझरने भागणार नाही: ६५ अंशांचं पाणी २५ अंशांच्या पाण्यात मिसळून ४१ करायचं तर १८० लिटरसाठी ७२ लिटर गरम पाणी लागतं, म्हणजे जवळजवळ तीन गीझर. ओइदाकी नाही, त्यामुळे दुसऱ्या माणसाला कोमट. पाणी, टब आणि माणूस मिळून अडीचशे किलोंच्या वर वजन, तेही छोट्याशा जागेवर. स्लॅबचं इंजिनिअरला विचारल्याशिवाय काही करू नकोस. स्टूल मात्र जरूर घे. २० सेंटिमीटरचं स्वस्त मिळतं, पण गुडघे कुरकुरत असतील तर ३० किंवा ३५ चं, खाली रबरी पाय असलेलं.