समितीचं निवास की कंपनीचं सीनियर लिव्हिंग? मायसाठी बघताना जे कळलं ते

संभाजीनगरच्या आसपास म्हाताऱ्या माणसांच्या राहायची सोय बघायला निघालं की शेवटी दोनच प्रकार हातात उरतात. एक ट्रस्टचं, जिथं रिटायर्ड मास्तर, बँकवाले, एखादे डॉक्टर अशी बिनपगारी समिती बसून पुढं काय करायचं ते ठरवते, आणि दुसरं कंपनीचं, जिथं मॅनेजर असतो आणि त्याच्या वरचे सगळे पुण्या-मुंबईत. माझी माय आधी दुसऱ्यात होती, आता पहिल्यात आहे. तेव्हा मी सांगतोय ते एवढ्याच अनुभवावर, तुमच्या घरचं गणित वेगळं असू शकतं.

खोल्या, जेवण, डिपॉझिट हे तुम्ही जाऊन बघालच. इमारतीच्या बाबतीत कंपनीचं उजवं, यात वादच नाही. 2024 मध्ये महारेरानं, म्हणजे राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या प्राधिकरणानं, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढले, लिफ्ट, रॅम्प, रुंद दरवाजे, बाथरूमात धरायला दांड्या वगैरे, त्यामुळं नवीन प्रकल्पात हे सगळं हक्कानं विचारता येतं. ट्रस्टच्या जुन्या इमारतीत अजून उंबरे आहेत, रॅम्पसुद्धा नंतर बसवलेला, जरा उभाच.

पण आमचं अडलं ते गरम पाण्यावर. कंपनीकडं पाणी सकाळी सहा ते आठ. माय चारला उठणार, आंघोळ, तुळशीला पाणी, मग हरिपाठ, हे तिचं लग्न होऊन आली तेव्हापासूनचं, आणि कार्तिकात तर काकड्याची वेळ चुकलेली तिला अजिबात चालत नाही. मॅनेजर पोरगा अगदी नम्र, दरवेळी म्हणायचा, सर वर मेल टाकलाय. तिथं रहिवाशांची सल्लागार समितीपण होती बरं का, चहा-बिस्किटं व्हायची, पण विषय वरूनच ठरून यायचे, योगा दिन, वाढदिवसाचा केक, दिवाळीचा कार्यक्रम, आणि पाण्याचा विषय निघाला की नोंद घेतली म्हणून पुढं. मग तो मॅनेजर बदलला आणि आम्ही नव्याला पहिल्यापासून सांगत बसलो. माय एकदा वैतागून म्हणाली, "आरं बाबा, पाणी तापवायचं बी पुण्याला इचारायलेत का हे? सहापस्तोर पारोसं बसू का मी?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

ट्रस्टमध्ये हेच तिनं पहिल्या आठवड्यात सांगितलं, रजिस्टरला लिहिलं गेलं, आणि समितीत रहिवाशांतर्फे एक रिटायर्ड एसटी कंडक्टर काका आहेत त्यांनी मीटिंगला विषय लावून धरला. खजिनदारांनी लाईट बिल काढून दाखवलं, वाद झाला, आवाज चढले म्हणे. शेवटी तळमजल्यावरच्या एका बाथरूमचा गिझर साडेचारला लावायचा ठरलं, ज्यांना लवकर लागतं त्यांनी तिथं जायचं. लगेच झालं नाही, महिना गेला. पण नाही म्हणणारे खजिनदार समोर बसलेले होते, रविवारी तिथंच पंगतीला जेवणारे, मायला त्यांच्याशी भांडता आलं.

आणि हीच माणसं मोठे निर्णय घेतात तेव्हा फरक जास्त कळतो. एक मोठी देणगी आली होती, तिच्यातून नव्या खोल्या बांधल्या असत्या तर उत्पन्न वाढलं असतं, सरळ हिशोब. समितीतल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी हट्टच धरला की आधी अंथरुणाला खिळलेल्यांसाठी वेगळी खोली आणि रात्रपाळीची बाई, नाहीतर ज्यांना आपण चालते-फिरते घेतलं त्यांना पडल्यावर लेकाकडं परत पाठवायचं का? तेच ठरलं. उरलेले पैसे छतावरचं पाणी साठवायला. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ते बघितलेली माणसं आहेत ही, त्यांना पाण्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. कंपनीकडं मी विचारलं, माणूस अंथरुणाला खिळल्यावर काय, तेव्हा करारातलं कलम दाखवलं, दुसरी व्यवस्था कुटुंबानं बघावी असं.

समितीचं सगळं गोड आहे असं नाही. लग्नसराईत कोरम भरत नाही, तीनच माणसं राबतात आणि बाकीचे नावाला, अध्यक्षांना खुर्ची सोडवत नाही, देणगीदाराला हॉलवर नाव पाहिजे असतं. कंपनीकडं बल्ब गेला की त्याच दिवशी बदलायचे, इथं दोनदा आठवण करावी लागते. आई-वडील दोघं धडधाकट असतील, मुलं परदेशात आणि एका फोनवर सगळं व्हायला पाहिजे, तर कंपनीचंच बरं पडेल कदाचित.

मात्र समिती आहे एवढ्यावर भुलू नका. इतिवृत्ताची वही मागा, मागच्या वर्षीची, रहिवाशांचे विषय त्यात आहेत का आणि त्यांचं पुढं काय झालं ते वाचा. रहिवाशांच्या प्रतिनिधीला मत आहे की नुसतं बसायला बोलावतात ते विचारा. चेकवर सह्या कोणाच्या, धर्मादाय कार्यालयात ऑडिट दरवर्षी जातं का, तेही विचारा, संकोच करू नका, चांगली समिती असेल तर चिडत नाही. माणूस अंथरुणाला खिळलं तर काय, ते दोन्हीकडं लेखी घ्या.

ट्रस्टकडं जागा पटकन मिळत नाही, आम्हालाही थांबावं लागलं, तेव्हा नाव आत्ताच नोंदवून ठेवा, आणि नोंदवायला जायचंच असेल तर मीटिंगच्या दिवशी जा आणि सोबत आईला न्या.