जळगाव स्टेशनबाहेर कोणी ‘एसटी बंद आहे’ म्हटलं तर

आई ७६ वर्षांची, मावशी ६८. दोघींना अजिंठा दाखवायचं कधीचं मनात होतं. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवार धरला आणि अमळनेरहून सकाळच्या गाडीने जळगावला उतरलो. स्टेशनबाहेर येतो न येतो तोच एक जण पुढे आला. “अजिंठ्याची एसटी आज बंद आहे, रस्त्याचं काम चालू आहे.” मी घुटमळले. तेवढ्यात तो आईकडे वळला, “माय, कोनता गावना शेतस तुम्ही?” अहिराणी कानावर पडली आणि आईचा चेहराच खुलला. “चिंता नका करा माय, मी शे ना!” इथेच आम्ही फसलो.

जाऊन-येऊन ३,२०० रुपये, गाडी थेट लेण्यांपर्यंत, असं ठरलं. सगळे पैसे त्याने आधीच यूपीआयने घेतले. स्क्रीनवर नाव भलतंच आलं, तर म्हणाला, “शेठचं खातं आहे.” पावतीसुद्धा दिली, ‘टुरिस्ट परमिट’ असा जांभळा शिक्का मारलेली. गाडीची पाटी मात्र पांढरी. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी लागते हे मला माहीत होतं, तरी बसले, याची चीड अजून जात नाही. अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि माझ्यासोबत दोन म्हातारी माणसं होती.

नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूरच्या टी-पॉइंटला पोचलो. तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर खासगी गाडी जाऊच देत नाहीत, शटल बसच घ्यावी लागते. “तुम्ही या पाहून, मी इथेच उभा आहे,” म्हणाला. चारला परत आलो तर गाडी नाही. फोन करायला पावती काढली, तर नंबरात आकडे नऊच! पाऊण तास आई दुकानाच्या पायरीवर गुडघे दाबत बसून होती. शेवटी हात केल्यावर जळगावची एसटी थांबली. सकाळपासून गाड्या रोजच्यासारख्या चालू होत्या, कंडक्टरनेच सांगितलं. पंचाहत्तरच्या पुढची म्हणून आईला तिकीटच नाही. मावशीला आणि मला अर्धं.

कृपा करून एसटीची चौकशी स्टँडवरच्या खिडकीतच करा. परतीचे पैसे परत आल्यावरच द्या, समोरचा आपली बोली बोलत असला तरी. बसण्याआधी नंबर प्लेटचा फोटो काढून घरी पाठवा. मी तेवढं केलं होतं, पण लाजेपोटी दोन दिवस गप्प बसले, ते चुकलं. आता फोटो, पावती आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जोडून पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत.